एकच कर्नल जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांनी नीट कसा बांधावा?

प्रश्न

एक्स८६-६४ प्रोसेसरवर चालणारा एक लहान कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मी शिकण्याच्या हेतूने लिहीत आहे. मुख्य कोड सी भाषेत आहे, बूट होतानाचा भाग आणि इंटरप्टचे प्रवेशबिंदू असेंब्लीत आहेत, आणि पोर्ट वाचणे, कंट्रोल रजिस्टर बदलणे अशी कामे इनलाइन असेंब्लीने, म्हणजे सी कोडमध्येच लिहिलेल्या असेंब्ली सूचनांनी, केलेली आहेत. आजवर हा कर्नल केवळ जीसीसीने बांधला जात होता आणि क्यूएमू या एम्युलेटरमध्ये व्यवस्थित चालत होता. आता तोच कोड क्लँगनेही बांधता यावा अशी इच्छा आहे, कारण पुढे एआरएम६४ साठी काम करायचे आहे आणि क्लँगला केवळ टार्गेटचे नाव दिले की वेगळी क्रॉस-टूलचेन बांधावी लागत नाही.

सुरुवातीला क्लँगच्या अंगभूत असेंबलरने बिट तपासण्याच्या ‘बीटी’ कुळातील सूचनांना हरकत घेतली. मेमरीतील ऑपरँड किती रुंदीचा आहे हे सूचनेवरून ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तेथे रुंदी दाखवणारा प्रत्यय लावला आणि तो विषय मिटला. त्यानंतर एकही एरर न येता कर्नल बांधला गेला, पण चालवल्यावर इंटरप्ट टेबलचा पत्ता प्रोसेसरला देणाऱ्या ‘लिडट’ सूचनेपाशीच यंत्र रीसेट होते. ती सूचना तात्पुरती वगळून पुढे गेलो, तर पेज टेबल बदलणारे फंक्शन चालूनही जुनेच टेबल लागू राहते, आणि टायमरच्या काउंटरमधून वाचलेल्या संख्येचे दोन बाइट उलटसुलट येतात. जीसीसीने बांधलेल्या प्रतीत यांपैकी काहीही घडत नाही.

संदर्भासाठी तिन्ही ठिकाणचा कोड शब्दांत मांडतो. स्ट्रक्चरमध्ये पॅडिंगचे रिकामे बाइट पडू न देणाऱ्या ‘पॅक्ड’ अॅट्रिब्यूटसाठी मी एक मॅक्रो केला आहे; इंटरप्ट टेबलच्या वर्णनाचे स्ट्रक्चर त्यानेच पॅक होते. जीसीसीची आवृत्ती पाच किंवा त्यापुढची असेल तर त्यात अॅट्रिब्यूट येते, नसेल तर तो रिकामा राहतो. पेज टेबल बदलणाऱ्या फंक्शनमध्ये इनलाइन असेंब्लीच्या दोन सूचना आहेत: पहिली सीआर३ (चालू पेज टेबलचा पत्ता ठेवणारे कंट्रोल रजिस्टर) मधील जुने मूल्य आउटपुट रजिस्टरमध्ये घेते आणि दुसरी इनपुट रजिस्टरमधील नवे मूल्य सीआर३ मध्ये टाकते. टायमरसाठी दोन बाइट जोडून सोळा बिटांची संख्या करणारे एक फंक्शन आहे, आणि त्याला दोन आर्ग्युमेंट म्हणून एकाच पोर्टवरचे दोन वाचन-कॉल सरळ दिले आहेत.

अशा प्रत्येक ठिकाणी क्लँगसाठी अट घालून वेगळा कोड लिहावा, की यामागे काही सामायिक कारण आहे?

पहिले उत्तर

सामायिक कारण आहे, आणि ते क्लँगमध्ये नाही. तुमच्या कोडने तिन्ही ठिकाणी कंपायलरकडून असे काही अपेक्षिले आहे जे त्याला कधीच सांगितलेले नाही, आणि जीसीसीने ते आजवर योगायोगाने पूर्ण केले. म्हणून क्लँगसाठी वेगळा कोड लिहू नये. जे गृहीत धरले होते ते दोन्ही कंपायलरांना समजेल अशा रीतीने लिहून द्यावे.

लिडटपाशी होणारा रीसेट हा या तिघांतील सर्वांत सरळ भाग आहे. क्लँग जुन्या कोडशी जुळून राहावे म्हणून स्वतःला जीसीसी म्हणवतो, पण आवृत्ती ४.२.१ अशी सांगतो, आणि क्लँगची स्वतःची आवृत्ती कितीही नवी असली तरी हा आकडा तोच राहतो. परिणामी तुमची अट खोटी ठरली, मॅक्रो रिकामा राहिला आणि स्ट्रक्चर पॅक झाले नाही. लिडटला लागणारे वर्णन दहा बाइटांचे असते: पहिले दोन बाइट टेबलच्या मर्यादेचे आणि पुढचे आठ पत्त्याचे. पॅक न केलेल्या स्ट्रक्चरमध्ये आठ बाइटांचा पत्ता आठच्या पटीवर यावा म्हणून मधे सहा बाइटांचे पॅडिंग पडते आणि एकूण आकार सोळा बाइट होतो. प्रोसेसरला मात्र पॅडिंग ठाऊक नसते. तो ते सहा बाइट आणि खऱ्या पत्त्याचे खालचे दोन बाइट मिळून एक पत्ता समजतो, म्हणजे खालचे दोन बाइट थेट सर्वांत वरच्या जागी जाऊन बसतात. स्ट्रक्चर स्टॅटिक असेल तर पॅडिंगमध्ये शून्ये असतात, आणि मग त्या दोन बाइटांत एकही बिट १ असला की तो पत्ता कॅनॉनिकल, म्हणजे प्रोसेसरला मान्य असलेल्या रूपाचा, राहत नाही व लिडट स्वतःच जनरल प्रोटेक्शन फॉल्ट उठवते. तो फॉल्ट हाताळायला टेबलच उभे झालेले नसल्याने प्रकरण ट्रिपल फॉल्टपर्यंत, म्हणजे फॉल्ट हाताळतानाच पुन्हा पुन्हा फॉल्ट येण्यापर्यंत, जाते आणि यंत्र रीसेट होते.

उपाय असा की अॅट्रिब्यूट उपलब्ध आहे का हे आवृत्तीवरून न ठरवता कंपायलरलाच विचारावे. त्यासाठी असलेला ‘हॅज-अॅट्रिब्यूट’ हा प्रीप्रोसेसरमधील प्रश्न जीसीसीला ५व्या आवृत्तीपासून कळतो आणि क्लँगला त्याही आधीपासून कळतो; लिनक्स कर्नलनेही ४.२० या आवृत्तीपासून बहुतेक अॅट्रिब्यूट याच पद्धतीने एका हेडरमध्ये आणली आहेत. ‘पॅक्ड’ तर दोन्ही कंपायलरांना कायमच ठाऊक आहे, त्यामुळे तेथे अटीचीही गरज नाही. त्याखेरीज त्या स्ट्रक्चरखाली ‘आकार दहाच असला पाहिजे’ असा स्टॅटिक असर्ट अवश्य लिहावा. हार्डवेअर जे जे स्ट्रक्चर थेट वाचते, त्या प्रत्येकाखाली असा असर्ट असावा असा माझा आग्रह आहे, कारण मग हा दोष यंत्र चालवण्याआधी, बांधतानाच पकडला जातो.

पेज टेबलचे फंक्शन अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. इनलाइन असेंब्लीचा मजकूर कंपायलर वाचत नाही. त्यात किती सूचना आहेत आणि कोणती आधी चालते याची त्याला कल्पना नसते. तो केवळ कन्स्ट्रेंट, म्हणजे प्रत्येक इनपुट-आउटपुट कोठे असावे हे सांगणाऱ्या खुणा, पाहतो. तुम्ही आउटपुट ‘कोणतेही रजिस्टर’ आणि इनपुटही ‘कोणतेही रजिस्टर’ असे लिहिले आहे, आणि कंपायलरची समजूत अशी असते की आउटपुट लिहिले जाण्यापूर्वी सर्व इनपुट वापरून झालेले असतात. त्या समजुतीनुसार दोन्हींना एकच रजिस्टर देणे पूर्णपणे वैध आहे. समजा दोन्हींना आरएएक्स मिळाले. पहिल्या सूचनेने सीआर३ मधील जुने मूल्य आरएएक्समध्ये आणले आणि तेथे असलेले नवे मूल्य पुसले गेले. दुसऱ्या सूचनेने आरएएक्स, म्हणजे तेच जुने मूल्य, पुन्हा सीआर३ मध्ये टाकले. फंक्शन कसलीही तक्रार न करता परतले आणि टेबल बदललेच नाही. जीसीसी आजवर दोन वेगळी रजिस्टरे देत आला असावा, बहुधा फंक्शन इनलाइन झाल्यावर नवे मूल्य पुढेही लागत होते म्हणून. कॉल करणारा कोड थोडा बदलला असता तर जीसीसीनेही हेच केले असते.

येथे आउटपुटला अर्ली-क्लॉबरची खूण, म्हणजे अँपरसँड, लावणे आवश्यक आहे; इनपुट वापरून होण्यापूर्वीच हे आउटपुट लिहिले जाते असे ती सांगते. त्याचबरोबर हे विधान ‘व्होलाटाइल’ असले पाहिजे, कारण जुन्या मूल्याचा कोणी उपयोग केला नाही तर आउटपुट असलेले साधे असेंब्ली विधान कंपायलर निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. शिवाय या विधानाने मेमरी बदलू शकते असे सांगणारा ‘मेमरी’ क्लॉबरही हवा, कारण पेज टेबल बदलल्यावर त्याच पत्त्यावर वेगळी मेमरी दिसू शकते आणि आधी वाचून रजिस्टरमध्ये ठेवलेले मूल्य जुने ठरते. या तीन खुणा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकीने दुसरीचे काम होत नाही. अनेक जण व्होलाटाइल लिहिल्यावर मेमरीचाही प्रश्न सुटला असे समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कोडमध्ये ‘रेप स्टॉस’ (मेमरीत एकच मूल्य सलग भरणारी सूचना) असलेली विधाने असतील तर तीही याच नजरेने पाहावीत. त्या सूचनेने आरडीआय आणि आरसीएक्स दोन्ही बदलतात, त्यामुळे ते नुसते इनपुट न लिहिता इनपुट-आउटपुट असे लिहावे लागतात.

टायमरबाबत थोडक्यात सांगतो. फंक्शनच्या आर्ग्युमेंटचे मूल्यमापन कोणत्या क्रमाने व्हावे हे सी भाषेने ठरवलेले नाही. क्लँग ते डावीकडून उजवीकडे करतो, तर एक्स८६ वर जीसीसी बहुधा उजवीकडून डावीकडे करतो. टायमर मात्र त्या पोर्टवर आधी खालचा आणि मग वरचा बाइट देतो. तुमचे जोडणारे फंक्शन जीसीसीच्या क्रमाला जुळणारे लिहिले गेले असणार. दोन वाचने दोन वेगळ्या विधानांत, दोन व्हेरिएबलमध्ये घ्यावीत. व्होलाटाइल विधानांचा आपसातील क्रम कंपायलर बदलत नाही, पण मुळात कोणता क्रम अपेक्षित आहे हे सी कोडमध्ये लिहिलेले असले पाहिजे.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. त्यात मेकफाइलची बाजू जोडतो, कारण कोड निर्दोष असूनही बांधणीचे पर्याय दोन कंपायलरांना वेगवेगळे पोहोचले तर पुन्हा असेच प्रसंग उभे राहतात.

कंपायलर एखादा पर्याय स्वीकारतो का हे तपासून तो लावण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण ती दोन्हीकडे वेगळ्या रीतीने फसते. क्लँगला अनोळखी वॉर्निंग-पर्याय दिला तर तो केवळ वॉर्निंग देऊन यशस्वी म्हणून बाहेर पडतो, त्यामुळे तपासणीत तो पर्याय चालतो असे दिसते. अनोळखी पर्यायांच्या वॉर्निंगला एरर मानायला लावले तरच खरे उत्तर मिळते. जीसीसी याउलट एखादी अनोळखी वॉर्निंग बंद करण्याचा पर्याय मुकाट्याने स्वीकारतो, म्हणून तेथे ती वॉर्निंग सुरू करण्याचा पर्याय देऊन तपासावे लागते. स्टॅकच्या संरेखनासाठी तर पर्यायांची नावे आणि मोजण्याची रीत दोन्ही वेगळी आहेत: जीसीसीच्या पर्यायात दोनचा घातांक लिहितात, म्हणजे आठ बाइटांसाठी ३, आणि क्लँगच्या पर्यायात थेट बाइटांची संख्या, म्हणजे ८. एकाचा आकडा दुसऱ्याला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

काही पर्याय मात्र तपासणीवर कधीच सोडू नयेत. ‘नो-रेड-झोन’ हा त्यांतील पहिला. एक्स८६-६४ च्या सिस्टिम फाइव्ह एबीआयनुसार (फंक्शनांनी रजिस्टर आणि स्टॅक कसे वापरावेत याच्या नियमांनुसार) आरएसपी या स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट, म्हणजेच रेड झोन, फंक्शनला विनापरवाना वापरता येतात, पण कर्नलमध्ये त्याच स्टॅकवर इंटरप्ट आला की प्रोसेसर तेथेच आपली फ्रेम लिहितो. हा पर्याय दोन्ही कंपायलरांना कळतो; कळत नसेल तर बांधणी थांबलीच पाहिजे. एसएसई रजिस्टरांचा वापर बंद करणारे पर्याय, पीआयई (कोणत्याही पत्त्यावर चालू शकणारा कोड) आणि स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅक बिघडला का ते तपासणारा जादा कोड) बंद करणारे पर्याय यांनाही हेच लागू आहे, कारण अनेक लिनक्स वितरणांतील जीसीसी शेवटचे दोन आपणहून सुरू ठेवतो. भाषेचे मानकही स्पष्ट लिहावे. जीसीसी १५ पासून न सांगता सी२३ गृहीत धरले जाते, तेथे ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचेच राखीव शब्द आहेत, आणि ज्यांनी ते स्वतःच्या हेडरमध्ये टाइपडेफ किंवा इनम करून ठेवले आहेत त्यांचा कोड कंपाइल होत नाही.

लिंकर बदलणार असाल, म्हणजे जीएनयूच्या लिंकरऐवजी क्लँगसोबतचा एलएलडी हा लिंकर वापरणार असाल, तर लिंकर स्क्रिप्टमध्ये उल्लेख नसलेल्या सेक्शनांकडे लक्ष द्यावे. असे पोरके सेक्शन कोठे ठेवायचे हे प्रत्येक लिंकर आपल्या नियमाने ठरवतो. मल्टिबूट या बूटलोडरने कर्नल ओळखण्याच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत हेडर फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटांत असणे बंधनकारक आहे, आणि बिल्ड-आयडीसारखा एखादा नोट सेक्शन त्याच्या आधी जाऊन बसला की हेडर पुढे सरकते व बूटलोडरला तो कर्नल ओळखताच येत नाही. पोरक्या सेक्शनांबद्दल वॉर्निंग देण्याचा पर्याय दोन्ही लिंकरांत आहे. तो सुरू करावा आणि प्रत्येक सेक्शनला स्क्रिप्टमध्ये जागा द्यावी किंवा तो स्पष्टपणे टाकून द्यावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. स्टॅटिक असर्ट लिहिताच क्लँगने स्ट्रक्चरचा आकार सोळा असल्याचे सांगून बांधणी थांबवली. पेज टेबलच्या फंक्शनचे डिसअसेंब्ली पाहिले तर दोन्ही सूचनांत खरोखरच आरएएक्स होते. अर्ली-क्लॉबर लावल्यावर दुसऱ्या सूचनेत आरसीएक्स आले. टायमरही आता दोन्ही कंपायलरांत सारखे आकडे देतो.

या निमित्ताने जीसीसीही नव्या आवृत्तीवर नेला, आणि आता नेमकी उलट स्थिती आहे: क्लँगची प्रत चालते आणि जीसीसीची प्रत बूट होताच स्टॅक संपवून कोसळते. डीबगरमध्ये मेमसेट (मेमरी एकाच बाइटने भरणारे फंक्शन) आणि माझे बाइट भरणारे एक सहायक फंक्शन आळीपाळीने एकमेकांना बोलावताना दिसतात. मेमसेट त्या फंक्शनला बोलावतो हे खरे, पण ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि त्यात एका साध्या लूपखेरीज काहीही नाही. ‘फ्रीस्टँडिंग’, म्हणजे खाली पूर्ण सी लायब्ररी नाही असे सांगणारा पर्याय, दोन्हीकडे दिलेला आहे आणि ऑप्टिमायझेशनचा स्तर दोन आहे.

तिसरे उत्तर

तो लूपच मेमसेट आहे असे जीसीसीने ओळखले आणि त्याच्या जागी मेमसेटचा कॉल ठेवला. फ्रीस्टँडिंग म्हटल्यावर कंपायलर कोणत्याही लायब्ररी फंक्शनवर विसंबणार नाही अशी अनेकांची धारणा असते. प्रत्यक्षात जीसीसीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकॉम्प ही चार फंक्शने फ्रीस्टँडिंग वातावरणानेही पुरवलीच पाहिजेत. लूप ओळखून बदलण्याची ही प्रक्रिया पूर्वी ऑप्टिमायझेशनच्या तिसऱ्या स्तरावर होत असे; जीसीसी १० पासून ती दुसऱ्या स्तरावरही होते, आणि म्हणूनच तुमचा जुना जीसीसी शांत होता. क्लँगमध्येही अशी प्रक्रिया आहे, पण फ्रीस्टँडिंगमुळे बिल्ट-इन फंक्शने बंद असतील तर तो लूपमधून मेमसेट घडवत नाही.

मेमसेट आणि त्याचे सहायक ज्या फाइलींत आहेत तेवढ्यांपुरते लूप-डिस्ट्रिब्यूशनचे पॅटर्न ओळखणे जीसीसीमध्ये बंद करावे. तो पर्याय संपूर्ण कर्नलला लावू नये, कारण अन्यत्र हा बदल उपयोगाचाच आहे. दुसरा मार्ग असा की मेमसेटचा गाभा ‘रेप स्टॉस’ने इनलाइन असेंब्लीत लिहावा, मग ओळखायला लूपच उरत नाही आणि दोन्ही कंपायलरांसाठी एकच कोड राहतो. मला हा मार्ग अधिक पसंत आहे.

कंपायलर स्वतःहून कोणती फंक्शने बोलावेल ही यादी आवृत्तीगणिक बदलते. लिनक्सला याचा अनुभव दोनदा आला. २०१९ मध्ये क्लँगने ‘मेमकॉम्पचे उत्तर शून्य आहे का’ एवढीच तुलना असेल तर त्याऐवजी बीकॉम्प या केवळ समान-असमान सांगणाऱ्या फंक्शनचा कॉल घालायला सुरुवात केली आणि कर्नलमध्ये ते फंक्शन नसल्याने लिंकिंग अडले. २०२० मध्ये एसटीपीकॉपी या स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनबाबत तसेच झाले. दोन्ही वेळा कर्नलने ती फंक्शने स्वतःच्या स्ट्रिंग लायब्ररीत जोडून घेतली. तुम्ही फ्रीस्टँडिंग देत असल्याने ही दोन तुम्हाला भेटणार नाहीत, पण १२८ बिटांचा भागाकार केलात, किंवा ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांचा, तर जीसीसी लिबजीसीसी या आपल्या सहायक लायब्ररीतील फंक्शन मागेल आणि क्लँग कंपायलर-आरटी या त्याच्या लायब्ररीतील. लिबजीसीसी जोडताना ती रेड झोनविना बांधलेली आहे का हेही पाहावे. तुमचा कोड नो-रेड-झोनने बांधला म्हणून आधीच बांधून ठेवलेली लायब्ररी त्या नियमात येत नाही.

यानिमित्ताने २००८ मधील एक प्रसंग सांगतो, कारण त्यात दुसरा कंपायलर नव्हताच. एबीआयनुसार फंक्शनमध्ये शिरताना डायरेक्शन फ्लॅग (स्ट्रिंग सूचना मेमरीत कोणत्या दिशेने चालाव्यात हे ठरवणारा बिट) शून्य असतो. जीसीसी तरीही स्ट्रिंग सूचनांपूर्वी तो फ्लॅग पुसणारी सूचना घालत असे. ४.३ या आवृत्तीने ते थांबवले, आणि लिनक्स कर्नल सिग्नल हँडलरला बोलावण्यापूर्वी तो फ्लॅग पुसत नव्हता हे तेव्हा उघड झाले. ज्या कोडला व्यत्यय आणला गेला त्याने फ्लॅग १ करून ठेवला असेल तर हँडलरमधील कॉपी उलट दिशेने मेमरीत धावे. दुरुस्ती कर्नलमध्ये झाली. तुमच्या इंटरप्टच्या प्रवेशबिंदूंत तो फ्लॅग पुसणारी ‘सीएलडी’ सूचना आहे का ते अवश्य पाहा, कारण यूजर मोडमधून येताना त्या फ्लॅगची शाश्वती नसते.

चौथे उत्तर

पहिल्या उत्तरातील भूमिका बहुतांशी योग्य असली तरी ती सर्वत्र लावता येणार नाही असे मला वाटते. काही फरक कोडमधील अनुच्चारित गृहीतकांचे नसून खरोखर कंपायलरच्या क्षमतेचे असतात, आणि तेथे दोनपैकी एका बाजूला बदलावे लागते.

लिनक्सच्या इतिहासात दोन्ही प्रकार घडले आहेत. स्ट्रक्चरच्या आत चल लांबीचा अॅरे हे जीसीसीचे विस्तारित वैशिष्ट्य क्लँगने स्वीकारले नाही, आणि कर्नलनेच तो कोड बदलला. पुढे २०१८ मध्ये ४.२० पर्यंत स्टॅकवरील चल लांबीचे अॅरेही कर्नलमधून गेले, अर्थात त्यामागे स्टॅकच्या सुरक्षिततेचे कारण मोठे होते. ‘एएसएम गोटो’बाबत, म्हणजे इनलाइन असेंब्लीतून सी कोडमधील लेबलवर उडी मारण्याच्या सोयीबाबत, उलट झाले. त्याच वर्षी एक्स८६ वरील कर्नलने ते अनिवार्य केले, आणि क्लँगला २०१९ मध्ये ९व्या आवृत्तीत ते आणावे लागले. मधल्या काळात मूळ कर्नल एक्स८६ साठी क्लँगने बांधता येत नव्हता. त्यात आउटपुटही घेण्याची सोय मात्र दोन्हीकडे ११व्या आवृत्तीत आली. ‘आरएम’ कन्स्ट्रेंटचेही असेच आहे: रजिस्टर किंवा मेमरी यांपैकी काहीही चालेल असे लिहिले की क्लँग दीर्घकाळ मेमरीच निवडत आला आहे. त्याने उत्तर चुकत नाही, पण वारंवार चालणाऱ्या कोडमध्ये अनावश्यक लिहिणे-वाचणे वाढते. तेथे क्लँगसाठी केवळ ‘आर’ लिहिणारा मॅक्रो ठेवण्यात मला काही गैर दिसत नाही.

माझा सल्ला असा की अशा अटींसाठी एकच हेडर ठेवावे. त्यात क्लँगची ओळख त्याच्या स्वतःच्या मॅक्रोने आधी पटवावी आणि जीसीसीची नंतर, कारण क्लँगमध्ये जीसीसीचा मॅक्रोही असतो आणि क्रम उलटा झाला की क्लँगची शाखा कधीच निवडली जात नाही. प्रत्येक अटीशेजारी ती कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे टिपणीत लिहावे, म्हणजे किमान आवृत्ती वाढवताना ती काढता येते. कंपायलरने सुरुवातीला व शेवटी आपला कोड घालू नये अशा फंक्शनांसाठीचे ‘नेकेड’ अॅट्रिब्यूट मात्र या हेडरमध्ये आणू नये. त्यात क्लँग असेंब्लीखेरीज एकही विधान चालू देत नाही, तर जीसीसी सी विधाने स्वीकारतो पण त्यांची हमी देत नाही. इंटरप्टचे प्रवेशबिंदू तुम्ही आधीच स्वतंत्र असेंब्ली फाइलमध्ये ठेवले आहेत, ते तेथेच राहू द्यावेत.